२०२७ नंतरचं पुणे: नकाशा रंगवण्याआधी आपल्याला विचारणार का?

नवीपेठकर (शनिवार, सकाळी ७.५०)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

परवा वरच्या मजल्यावरचं पाणी गेलं म्हणून टाकी बघायला चढले. आमच्याकडे वरच्या दोन खोल्या मुलांना कॉट बेसिसवर दिल्या आहेत. नऊ कॉट, नऊ पत्र्याच्या पेट्या, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले टॉवेल, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि त्याला लावलेले पाच फोन. लातूरकडच्या एका मुलाने कॉटच्या उशाशी पुण्याचा नकाशा चिकटवलाय. त्यावर तांबड्या पेनाने तीन गोल: अभ्यासिका, खानावळ, स्वारगेट. हे काय रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "काकू, तीन वर्षं झाली, माझं पुणं एवढंच."

मी लग्न होऊन या घरात आले त्याला ३१ वर्षं झाली. तेव्हा गल्लीत वाडे होते, दुपारी सामसूम असायची. आता दारातून निघून अलका चौकापर्यंत चालत गेलं तर अभ्यासिका, मेस आणि झेरॉक्सच्या पाट्या संपत नाहीत. विद्येचं माहेरघर म्हणून आपण कौतुकाने सांगतो. माहेरी आलेल्या लेकरांना झोपायला जागा किती, पाणी किती, रात्री अकराला अभ्यासिकेतून परतताना गल्लीत दिवा आहे का, हे कधी कागदावर मांडलेलं मी पाहिलं नाही.

आता मांडायची वेळ आली आहे. जुन्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजे कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे मैदान हे ठरवणारा शहराचा नकाशा, २००७ ते २०२७ या काळाचा. त्याचा प्रारूप नकाशा लोकांपुढे आला २०१३ मध्ये आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षं मंजुरीच्या वाटेतच गेली. त्याआधीचे आराखडे १९६६ आणि १९८७ चे. एका पिढीला एकदा, फार तर दोनदा ही संधी मिळते.

२०१३ ला हरकती-सूचनांचा आकडा ऐंशी हजारांच्या वर गेला होता. त्यातल्या चाळीस आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींच्या. मजकूर एकच, मीच लिहिलेला. कोपऱ्यावर झेरॉक्स काढल्या, घरोघर सह्या घेतल्या. मागणी एकच, आमच्या गल्लीचं रुंदीकरण नको. सुनावणीला आम्हा चाळीस जणांना एकत्र बोलावलं, सगळ्यांच्या वतीने मी बोलले आणि आम्ही घरी आलो. काल तो कागद फाइलीतून काढून पुन्हा वाचला. वरच्या नऊ कॉटबद्दल त्यात एक अक्षर नाही. अभ्यासिकांबद्दल नाही, पाण्याबद्दल नाही. आमची भिंत वाचवा, एवढंच. वाचून फार वाईट वाटलं.

नकाशा रंगवून झाल्यावर हरकत घ्यायची म्हटलं की माणूस आपली भिंतच वाचवणार. रंगवण्याआधी, पुढची वीस वर्षं इथे कोण राहणार याचा अंदाज बांधला जात असतानाच आपलं म्हणणं पोचवायचं तर कसं? आणि 'आपलं' म्हणताना वरच्या नऊ जणांना त्यात धरायचं की नाही? माहीतगारांनी लिहावं.

टेकडी_रोज (शनिवार, सकाळी ८.३५)

चांगला धागा. पण शेवटच्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

मुलं दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. वीस वर्षांच्या आराखड्यात मत त्याचं, ज्याला ती वीस वर्षं इथे काढायची आहेत. टेकड्यांचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये २३ गावं हद्दीत आली. त्यांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण पडलं, ९७८ हेक्टर जागा त्यासाठी राखून ठेवली. राज्य सरकारने ते कायम केलं २०१५ मध्ये. अठरा वर्षं! एवढा काळ सभा, निवेदनं, कोर्ट, मंत्रालयाच्या खेपा करणारी माणसं इथे घर-संसार असलेलीच होती. परीक्षा झाली की गावी जाणाऱ्याकडून ही चिकाटी कशी अपेक्षायची?

विद्यार्थ्यांची सोय व्हावी, दुमत नाही. पण शहर कसं वाढावं हे ठरवणं वेगळं.

औसेकर (शनिवार, सकाळी ९.२०)

नमस्कार. तो नकाशावाला मीच. काकूंनी धागा वाचायला दिला म्हणून खातं काढलं. पहिलाच प्रतिसाद आहे, चुकलं तर सांगा.

टेकडी काका, मी जाईन हे खरं. पण माझ्या कॉटवर माझ्याआधी परभणीचा एक दादा होता, त्याच्याआधी सांगलीचा. मी उठलो की आठ दिवसांत दुसरा येईल. माणूस बदलतो, कॉट जागची हलत नाही. मग पाणी, संडास, जिना, पदपथ यांच्या हिशोबाने ती कॉट काकूंच्या घराइतकीच जुनी रहिवासी नाही का?

माझा दिवस सांगतो. पहाटे साडेपाचला उठतो, कारण सहा वाजल्यावर संडासला रांग लागते. साडेसहाला अभ्यासिका. तिथे नव्वद खुर्च्या आहेत. जिना एकच आणि त्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. जिन्याखाली मीटरची पेटी आणि तिला टेकवून लावलेल्या सायकली. रोज चढताना एकदा तरी मनात येतं, खाली काही पेटलं तर आम्ही नव्वद जण कुठून उतरणार? मालक वाईट माणूस नाही, फीसाठी थांबतो. इमारतच राहण्यासाठी बांधलेली आहे, नव्वद जणांनी एकावेळी उतरण्यासाठी नाही.

मला एकच विचारायचंय. तुमच्या त्या आराखड्यात अभ्यासिका कोणत्या रंगाने दाखवतात?

सायकलवाली_कर्वेनगर (शनिवार, सकाळी ९.४१)

औसेकर, छान लिहिलंत. हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. +१

आरेखक (शनिवार, सकाळी ११.०५)

नगररचनेच्या कामात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. औसेकरांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अभ्यासिकेला वेगळा रंग नसतो. इमारत निवासी असेल तर ती पिवळी. तिच्या दुसऱ्या मजल्यावर नव्वद खुर्च्या आहेत, हे त्या पिवळ्या रंगातून कळत नाही. ते कळायचं तर सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने जिना चढला पाहिजे, किंवा कुणीतरी त्याला सांगितलं पाहिजे.

आता नवीपेठकर ताईंचा प्रश्न. आपल्याकडे हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार चालतं. कलम ३८ सांगतं की वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा. सुरुवात होते कलम २३ ने, नियोजन प्राधिकरण आराखडा करण्याचा इरादा जाहीर करतं. मग कलम २५: शहरभर फिरून आजघडीला कोणत्या जमिनीचा काय वापर चालू आहे त्याचा नकाशा करायचा. त्यावर लोकसंख्येचा अंदाज बसवून प्रारूप आराखडा होतो आणि कलम २६ खाली तो लोकांपुढे येतो. तुम्ही झेरॉक्स काढल्यात त्या इथे. पुढे कलम २८ ची नियोजन समिती आणि सुनावणी, मग शासन.

लोकांना वाटतं आपला नंबर २६ ला लागतो. कायद्याने लागतो, खरं आहे. पण खरी संधी २५ ला असते. तोवर रंग भरलेले नसतात. सर्वेक्षणाच्या वहीत जे आलं नाही ते पुढे नकाशात आणायचं म्हणजे कुणाच्या तरी जागेवर आरक्षण टाकायचं, आणि तिथून भांडण सुरू.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मैदान किती, शाळा किती, दवाखाना किती, पाणी किती, हे सगळं माणशी मोजतात. पाण्याचा धरलेला दर दिवसाला माणशी १३५ लिटर. माणसं किती, हे कळतं जनगणनेतून. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा पालिका हद्दीत ३१ लाख २४ हजार लोक होते. त्यानंतर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची साठवण मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातच शेतीचंही पाणी. दर उन्हाळ्यात शहराची लोकसंख्या नेमकी किती धरायची यावर पालिका आणि जलसंपदा खात्याची ओढाताण होते ती यामुळे. कॉटवरचा मुलगा मोजला गेला नाही तर त्याचे १३५ लिटर तुमच्या नळातून जातात. टेकडी_रोज, त्याचं मत ऐकायचं की नाही हा वाद तुम्ही खुशाल घाला, त्याला मोजल्याशिवाय मात्र आराखडाच चुकतो.

पेठेतला (शनिवार, दुपारी १२.३०)

सगळं पटलं, पण कुणी बोलत नाही ते मी बोलतो. मोजायचं म्हणता, मग उद्या त्या यादीवरून कर लागला तर? नोटीस आली तर? माझ्याकडे सहा कॉट आहेत. मुलगा बंगळूरला, आम्ही दोघं सत्तरीची, औषधपाणी त्यावर चालतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच आहेत. वही घेऊन कुणी दारात आलं तर लोक दार लावून घेतील, आणि त्यांना नावं ठेवू नका.

नऱ्हेकर (शनिवार, दुपारी १.१५)

पेठेतली माणसं पेठेचं बोलतात, साहजिक आहे. आता जरा आमच्याकडे या.

आमची जमीन नऱ्ह्यात. माझ्या लहानपणी ज्वारी, हरभरा, बांधावर बोरी. आजूबाजूला कॉलेजं आली, मागोमाग हॉस्टेलं, मेस, चहाच्या टपऱ्या. गाडीवाट होती तिथेच डांबर पडलं, रुंदी तीच राहिली. सकाळी नऊला त्या रस्त्यावर कॉलेजच्या बस, पाण्याचे टँकर आणि चालणारी पोरं, सगळी एकाच पट्ट्यात.

२०२१ च्या जून अखेरीस आमच्यासह २३ गावं महापालिकेत आली. पण त्या गावांचा आराखडा करायचं काम गेलं पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. म्हणजे रस्ता-पाणी मागायचं एकाकडे आणि नकाशा दुसऱ्याकडे. ऑगस्ट २०२१ ला पीएमआरडीएने सगळ्या प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, साठ हजारांवर हरकती गेल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. वाईट की चांगलं हा वाद वेगळा. पण त्या चार वर्षांत इमारती थांबल्या होत्या का? त्या उभ्या राहतच होत्या.

आता सहभागाचं बोलतो. आमच्या शेताच्या कडेने ओढा जायचा. एका बिल्डरने तो पाइपात घालून वर भराव टाकला. माझे आजोबा तेव्हा काठी टेकत तिथे गेले आणि म्हणाले, बाबा, या ओढ्याला चार-पाच वर्षांतून एकदा दोन पुरुष पाणी येतं, ते तुझ्या पाइपात मावायचं नाही. हसून ऐकून घेतलं. २०१९ च्या २५ सप्टेंबरला कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने शहरात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्री आमच्याकडचं पाणीही जुनीच वाट शोधत हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये शिरलं. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. ओढ्याची मूळ रेघ कागदावर सापडेल, पण पाणी किती रुंद पसरतं ते गावच्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक. ती माणसं आता थोडी उरलीत. त्यांना कोण विचारणार, आणि कधी?

गोखलेनगर_जुना (शनिवार, दुपारी ३.००)

वय ७४. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, आमचं नदीकाठचं घर गेलं. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहायला गेलो. शहर पश्चिमेला भराभर वाढलं ते त्यानंतर. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, विचारायला वेळही नव्हता. या वेळी वेळ आहे, म्हणून लिहितोय. नऱ्हेकरांच्या आजोबांसारखे लोक माझ्या ओळखीचे आहेत. पूररेषा कुठवर आली होती ते मी आजही पायाने दाखवीन.

कोथरूडची_मी (शनिवार, संध्याकाळी ६.१०)

वीस वर्षांचा आराखडा डोळ्यांसमोर येत नाही म्हणून लोक गप्प बसतात, असं मला वाटतं. लहान कामापासून सवय लागते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं. पदपथ, बसथांबा, दिवे, बाकडी, असं. पाच लाखांपर्यंतचं. किती जणांना माहीत आहे?

मी एकदा अर्ज केला होता. वडील चाकाच्या खुर्चीवर, घराजवळच्या पदपथावर चढायला उतार हवा होता. मंजूर झाला! मी पेढे वाटले. उतार झाला त्या दिवशी वडिलांना घेऊन गेले आणि खुर्ची वर जाईना. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते, कंत्राटदाराने जेमतेम पाच फुटांत उरकलं होतं. त्याची चूक म्हणावी तर त्याने चाकाची खुर्ची कधी ढकललेली नव्हती. माझी चूक ही की अर्जात मी फक्त 'उतार करावा' एवढंच लिहिलं. पुढच्या वेळी काम सुरू व्हायच्या दिवशी वडिलांना घेऊन जागेवर गेले, खडूने बारा फूट आखून दिले, मुकादमाला खुर्चीत बसवून ढकलायला लावलं. त्याने स्वतः फळी लावून बघितली. आता तो उतार वापरणारे वडील एकटेच नाहीत, दुधाच्या क्रेटवाला, लहान मुलांच्या गाड्या, सगळे तिथूनच चढतात.

सांगायचं ते हे की अर्ज देऊन घरी बसलं की काम अर्धंच होतं. औसेकर, तुमच्या जिन्याचं माप घ्या. 'अरुंद' लिहू नका, इंच लिहा.

टेकडी_रोज (शनिवार, रात्री ९.३०)

दुपारपासून धागा दोनदा वाचला. औसेकर, 'कॉट जागची हलत नाही' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सकाळी मी जे लिहिलं त्यातलं एक मागे घेतो. चिकाटी फक्त घर असणाऱ्यांकडे असते हे खरं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी एवढी माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा माझ्या पुढेमागे पाठीला दप्तर लावलेली कॉलेजची मुलं चालत होती. ती आता पुण्यात नसतीलही. आणि त्या टेकडीवरून न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद माझ्या पोरांच्या शाळेपासून चालू आहे, म्हणजे तो एका बॅचच्या मुलांनी दुसऱ्या बॅचच्या हातात दिल्याशिवाय टिकलाच नसता.

पण माझी काळजी अजून आहेच. आज राहणाऱ्याला आज खोली हवी, वीस वर्षांनी टेकडी हवी असं म्हणणारा त्याला वैरी वाटू शकतो. राहायला जागा वाढवा म्हटलं की पहिला डोळा टेकडीच्या उतारावर जातो. दोन्ही एकाच टेबलावर बोलायला हवं, म्हणजे एकाची सोय दुसऱ्याच्या मुळावर येणार नाही.

औसेकर (शनिवार, रात्री १०.५०)

काका, आमच्या घराजवळ टेकडी नाही. पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी मी पर्वती चढलो आणि तिथे बसून घरी फोन केला. टेकडी मलाही पाहिजे.

आरेखक (रविवार, सकाळी ७.३०)

तीन मुद्दे राहिले होते.

पेठेतल्यांची भीती खरी आहे. मोजणी घरवार करायची गरजच नाही. गल्लीवार करा. 'अमुक चौक ते तमुक चौक, इतक्या इमारती, अंदाजे इतक्या कॉट, इतक्या अभ्यासिका, इतक्या खुर्च्या.' घरनंबर नको, मालकाचं नाव नको. आराखड्याला गल्लीचा आकडा पुरतो.

दुसरा मुद्दा आरक्षणाचा. आपल्या गल्लीत विद्यार्थी वसतिगृहाचं किंवा मैदानाचं आरक्षण पडलं की लोक खूश होतात आणि विसरतात. कलम १२७ वाचा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक 'जागा विकत घ्या' अशी नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या दोन वर्षांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याला दहा वर्षं कधी होतात, हिशोब करा. नवा आराखडा मागताना जुन्यातलं काय निसटतंय हेही पाहायला हवं. आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी काढून एकेका जागेवर जाऊन आज तिथे काय आहे ते लिहून आणणं, हे काम कुणालाही जमण्यासारखं आहे.

तिसरं, कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद २००९ पासून आहे. काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून एक क्षेत्र, त्यातले मतदार हेच सभासद. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते, त्यामुळे प्रभागातला माणूस कुणाला भेटणार हाच प्रश्न होता. आता निवडून आलेली माणसं आहेत, तेव्हा क्षेत्र सभा बोलवा अशी लेखी मागणी करता येते. औसेकर, मतदारयादीत नाव असेल तरच तुम्ही त्या सभेचे सभासद. शिकायला राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहत्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. गावचं नाव कमी होईल, घरच्यांशी बोलून ठरवा.

एक आशेची गोष्ट सांगतो. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन विकून न टाकता एकत्र केली, ज्याची जेवढी जमीन तेवढा कंपनीत वाटा ठेवला आणि नकाशा स्वतः समोर बसून करून घेतला. तिथे जमीन त्यांच्या मालकीची होती म्हणून सोपं गेलं, पेठेत भाडेकरू आणि मालक दोघांना बसवायचं तर अवघड आहे. पण जमिनीवर जगणारी माणसं नकाशाला बसू शकतात, हे पुण्यातच झालेलं आहे.

नऱ्हेकर (रविवार, सकाळी ८.१०)

मगरपट्ट्याचं आमच्याकडेही बोलणं झालं होतं. भावकी एकत्र येईना. सात-बारावर सतरा नावं. तरी ओढ्याचं काम मी धरतो. गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना घेऊन ओढ्याच्या कडेने चालतो आणि पाणी कुठवर यायचं त्या खुणा फोनच्या नकाशावर टाकतो. गोखलेनगरचे आजोबा, तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो, येणार का?

गोखलेनगर_जुना (रविवार, सकाळी ८.२५)

येतो. सकाळी लवकर ठेवा, ऊन सोसत नाही.

पेठेतला (रविवार, सकाळी ९.००)

गल्लीवार असेल तर माझ्या सहा कॉट धरा. गल्लीतल्या बाकीच्यांशी मी बोलतो. वही मात्र कुणी सरकारी माणसाने आणू नये, नवीपेठकर ताई, तुम्ही या. तुम्हाला ओळखतात.

नवीपेठकर (रविवार, दुपारी २.४०)

येते, नक्की येते.

सकाळी औसेकर, मी आणि वरची तीन मुलं आमच्याच गल्लीत फिरलो. दोनशे पावलांची गल्ली, मला तोंडपाठ आहे असं वाटायचं. दीड तास लागला. अकरा इमारती. चार अभ्यासिका, त्यातली एक मला माहीतच नव्हती, डेअरीच्या मागच्या दाराने जिना जातो. एका मेसवाल्या वहिनींनी बसवून चहा दिला आणि सांगितलं की दुपारी बारा ते तीनमध्ये दीडशे डबे जातात, पाणी मात्र सकाळी दोन तासच येतं, म्हणून रात्री दोनला उठून पिंपं भरतात. दिवे सात, लागणारे पाच. जिन्याची रुंदी औसेकरने टेपने मोजली: ३१ इंच. पदपथ एका बाजूला अजिबात नाही, दुसऱ्या बाजूला आहे तो दुचाक्यांखाली.

एक गोष्ट मनाला लागली. एका खोलीतल्या मुलीने विचारलं, हे सगळं लिहून घेतल्यावर आमच्या खोल्या बंद करणार का? मी म्हटलं, नाही बाळ, तुम्ही इथे आहात हे सांगण्यासाठी लिहितोय. तरी तिने कॉटचा आकडा सांगितला नाही. तो रकाना रिकामाच ठेवलाय, अंदाजाने भरला नाही.

वहीचं पान ठरवलंय, फोटो संध्याकाळी टाकते. ज्यांना आपापल्या गल्लीत फिरायचं आहे त्यांनी तेच पान वापरा म्हणजे पुढे बेरीज जमेल. औसेकर त्याच्या अभ्यासिकेत पान लावतोय. टेकडी_रोज, उताराला लागून असलेल्या वस्त्यांची पानं तुमच्याकडे. तिथे कॉटबरोबर टेकडीवर जायच्या वाटाही लिहा, कोणती उघडी, कोणती कुंपणाने बंद.

पुढच्या रविवारी सकाळी सातला पेठेतल्यांच्या गल्लीत. टेप मी आणते. जिने मोजायला एक बॅटरी लागेल, दुसऱ्या मजल्यानंतर अंधार असतो.

टेकडी_रोज (रविवार, दुपारी ३.०५)

बॅटरी माझ्याकडे आहे. सातला येतो.